थांबा, बघून सांगतो

मागचा पावसाळा सरत आला होता. आमच्या थोरल्या आपाची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना संपून आठवा नुकताच लागला होता. इशाची नमाज आटोपून मंडळी जेवायला बसली आणि तिच्या पोटात दुखू लागले. आपाने आधी ओवा आणि गरम पाणी दिले. अर्ध्या तासाने दुखणे ठरावीक वेळाने येऊ लागले, तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. रिक्षा बोलावली आणि भर पावसात तालुक्याच्या गावातल्या एका लहान प्रसूतिगृहात पोचलो.

डॉक्टर तरुण होते, तिशीतले. त्यांनी तपासले, सिस्टरना दोन-चार सूचना दिल्या आणि बाहेर येऊन विचारले, "शेवटच्या पाळीची तारीख काय?" झाले! आपा एक सांगते, खाला दुसरेच. शबे-बारातच्या आधी की नंतर, यावर वाद सुरू. शेवटी भाचीच्याच मोबाइलमध्ये पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो सापडला. डॉक्टरांनी तो पाहिला, आठवडे मोजले. एकतिसावा आठवडा. मग ते म्हणाले, "थांबा, दोन मिनिटं. बघून सांगतो," आणि टेबलाशी बसून मोबाइलवर काहीतरी वाचू लागले.

बाहेर बाकावर दुल्हाभाई पुटपुटले, "पोरगी आत तळमळतेय आणि हा मोबाइल बघतोय. याला काही येतं का नाही?" खालांनी तर वेगळेच सुरू केले होते, "सातव्याचं जगतं बाई, आठव्याचं जगत नाही." खरे सांगायचे तर दुल्हाभाईंसारखीच शंका आमच्याही मनात आली. आम्ही शिक्षक. वर्गात एखाद्या पोराने प्रश्न विचारला आणि आम्ही पुस्तक उघडले, तर मागच्या बाकावरची पोरे एकमेकांकडे बघून हसतात, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे.

तीन-चार मिनिटांत डॉक्टर उठले. त्यांनी एक इंजेक्शन दिले. जिल्ह्याच्या ठिकाणी फोन करून काचेची पेटी रिकामी आहे, लहान बाळांचे डॉक्टर हजर आहेत, याची खात्री करून घेतली. १०८ ची गाडी मागवली आणि चिठ्ठीवर इंजेक्शनचे नाव व वेळ ठळक अक्षरात लिहून दिली. "पुढचे डोस तिथं देतील. ही चिठ्ठी हरवू नका," एवढेच म्हणाले. बाळ दुसऱ्या दिवशी रात्री झाले. मुलगी, वजन दीड किलो. रडली. काही आठवडे दवाखान्यात काढून घरी आली आणि आज अल्लाहच्या कृपेने घरभर रांगते आहे.

बाळ घरी आल्यावर पेढे घेऊन आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो. बोलता बोलता धीर करून विचारलेच, "डॉक्टरसाहेब, त्या रात्री मोबाइलवर काय बघत होता?" ते हसले. म्हणाले, "इंजेक्शन मला ठाऊक होतं. पण ते कितव्या आठवड्यापर्यंत द्यायचं, बाईला ताप असेल तर काय, गाडीत बसवण्याआधी इथंच द्यावं की तिथं पोचल्यावर, याबद्दलचा सल्ला गेल्या दहा वर्षांत दोन-तीनदा बदललाय. मी शिकलो तेव्हाचं आठवून दिलं असतं तर कदाचित बरोबर ठरलं असतं. पण 'कदाचित'वर कुणाच्या पोरीचा जीव टांगायचा?"

घरी येऊन हे आपाला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "तेव्हा हे इंजेक्शन नव्हतं का?"

तेव्हा म्हणजे १९९८ साली. आपाचे पहिले बाळ असेच दिवस भरण्याआधी झाले होते. दोन दिवस कळा थांबून थांबून येत होत्या. सलाईन लावले होते, "बघू या" म्हणत होते. मुलगा झाला. त्याला श्वास घेता येईना, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. घरात सगळे म्हणाले, अल्लाहची मर्जी. आपाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. सव्वीस वर्षांनी तिने तो एक प्रश्न विचारला, आणि आम्हाला उत्तर शोधावे लागले. या वेळचे हे पान म्हणजे आपाच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उत्तर असे, की इंजेक्शन होते. आपाच्या बाळाच्या पंचवीस-सव्वीस वर्षे आधीपासून होते.

न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात लिगिन्स नावाचे डॉक्टर होते. बाळंतकळा कशामुळे सुरू होतात, हे ते मेंढ्यांवर प्रयोग करून शोधत होते. मेंढीच्या पोटातल्या पिल्लाला स्टिरॉइड दिले की ते वेळेआधी जन्मते, हे त्यांना दिसले. पण त्यांचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू जगायलाच नको होते, आणि ते तर श्वास घेत होते. पोटात असताना बाळाची फुप्फुसे हवेने नव्हे, द्रवाने भरलेली असतात. ती उघडी राहावीत म्हणून आतून एका निसरड्या पदार्थाचा पातळ थर लागतो आणि तो थर शेवटच्या आठवड्यांत तयार होतो. स्टिरॉइडने तो लवकर तयार होत होता. मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ हॉवी यांनी, जिला दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची भीती आहे अशा २८२ स्त्रियांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नाही. १९७२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. औषध न मिळालेल्या गटात जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावणारी बाळे शंभरात १५ होती. औषध मिळालेल्या गटात ती ३ वर आली.

मग जगभर दुसऱ्या दिवसापासून हे इंजेक्शन सुरू झाले असेल, असे वाटते ना? तसे झाले नाही. पुढची दहा वर्षे ठिकठिकाणी आणखी चाचण्या झाल्या. काही लहान होत्या, काहींचे निष्कर्ष अर्धवट वाटत होते. एका डॉक्टरच्या हाती एक चाचणी लागे, दुसऱ्याच्या हाती दुसरी. एक म्हणे उपयोग आहे, दुसरा म्हणे खात्री नाही. सगळ्या चाचण्या एका ताटात मांडून एकत्र हिशेब करायला कुणी बसलेच नव्हते. १९९० च्या सुमारास तो हिशेब झाला आणि चित्र लख्ख दिसले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावून हे औषध सर्रास वापरावे असा कौल दिला. म्हणजे एका स्वस्त इंजेक्शनला कागदावरून दवाखान्यात यायला वीस-बावीस वर्षे लागली. आपल्या लहान गावांत यायला आणखी. त्या मधल्या वर्षांत जगभर कितीतरी बाळे गेली.

यात एकेका डॉक्टरला दोष देऊन भागत नाही, हे आम्हाला इथे आवर्जून सांगायचे आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आर्ची कॉक्रन नावाचे एक डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होऊन त्यांनी कैद्यांच्या छावण्यांमध्ये डॉक्टरकी केली. आपण जे उपचार करतो त्यांतले खरोखर उपयोगाचे कोणते, हा प्रश्न त्यांना तिथेच छळू लागला. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या पेशाला सुनावले. प्रत्येक शाखेतल्या सगळ्या चाचण्या गोळा करून, पारखून, त्यांचा सारांश वेळोवेळी अद्ययावत करण्याची व्यवस्थाच आपण उभारली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राला तर त्यांनी सगळ्यांत मागे राहिल्याबद्दल लाकडी चमचा बहाल केला! त्यांच्या निधनानंतर, १९९२ मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या नावाचे केंद्र सुरू झाले आणि १९९३ मध्ये त्यातून जागतिक संस्था उभी राहिली. तिचे नाव कॉक्रन. तिच्या बोधचिन्हात एका वर्तुळात काही आडव्या रेषा आहेत. त्या रेषा म्हणजे याच इंजेक्शनच्या सात चाचण्या. कुठली रेष लांब, कुठली आखूड, आणि खाली सगळ्यांचा मिळून काढलेला निकाल. हिशेब वेळेवर झाला नाही म्हणून काय गमावले, याची आठवण त्या संस्थेने आपल्या चिन्हातच कोरून ठेवली आहे.

कुणी म्हणेल, झाले ना मग? आता सगळ्यांना कळले, प्रश्न मिटला. इथेच खरी गंमत आहे, आणि त्या रात्री डॉक्टरांनी मोबाइल का उघडला याचे उत्तरही.

२०१४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने सूचना काढल्या, की २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या स्त्रीला डेक्सामेथासोनचे इंजेक्शन द्यावे आणि एएनएम सिस्टरनेही पहिला डोस देऊन तिला मोठ्या दवाखान्यात पाठवावे. त्याच सुमारास सहा देशांत एक मोठी चाचणी चालू होती. आपल्याकडे ती नागपूर आणि बेळगावच्या परिसरात झाली. खेडोपाडी, लहान केंद्रांत हे इंजेक्शन सर्रास पोचवले तर काय होते, हे तिच्यात पाहिले. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब होता. २०१५ मध्ये निष्कर्ष आला आणि सगळे चक्रावले. अगदी लहान बाळांना अपेक्षित फायदा झाला नव्हता. उलट ज्या भागांत इंजेक्शन पोचवले, तिथे पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी २४ च्या जागी २७ वर गेले होते. काही मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली होती.

जे औषध ऑकलंडमध्ये बाळे वाचवते ते इथे उलटे कसे वागले? एक मोठे कारण समजले ते तारखांचे. गावात दिवस नेमके किती झाले हे धड ठाऊक नसते. पोटाच्या उंचीवरून अंदाज बांधला जातो. त्यामुळे ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळे फार लहान नव्हतीच. ज्यांना गरज नव्हती त्यांना औषध मिळाले. शिवाय लहान बाळ जन्मल्यावर त्याला ऊब, ऑक्सिजन, दूध आणि देखरेख लागते. ती जवळ नसेल तर नुसत्या इंजेक्शनने काय होणार? त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अटी घातल्या, की दिवस नेमके ठाऊक असावेत, बाळंतपण लवकरच होणार अशी चिन्हे असावीत, मातेला जंतुसंसर्ग नसावा, आणि आई-बाळाची नीट काळजी घेणारी जागा असावी.

यावरही पडदा पडला नाही. आपल्यासारख्या देशांत, पण सोयी असलेल्या दवाखान्यांत काय होते, हा प्रश्न उरला होता. म्हणून भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतल्या २९ दवाखान्यांत पुन्हा चाचणी घेतली. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के करून २६ ते ३३ आठवड्यांच्या २,८५२ स्त्रिया घेतल्या. २०२० मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्या गटात शंभरात साधारण २३-२४ बाळे दगावली, मिळालेल्या गटात १९-२०. म्हणजे २५ स्त्रियांना इंजेक्शन दिले तर एक बाळ जास्तीचे वाचले. मातांचा जंतुसंसर्गही वाढला नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी पुन्हा दुरुस्त केल्या.

आता त्या तरुण डॉक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १९९४ चे वाचून थांबलेला डॉक्टर दिसेल तिला इंजेक्शन देईल. २०१५ चे वाचून थांबलेला कुणालाच देणार नाही. २०२० पर्यंत वाचलेला आधी विचारेल, "शेवटच्या पाळीची तारीख काय?" आणि मग काचेची पेटी असलेल्या दवाखान्याला फोन लावेल. औषध तेच, बाटली तीच. फरक शेवटचे वाचन कधीचे आहे याचा.

पण वाचायचे तरी किती? २०१० मध्ये काही अभ्यासकांनी मोजदाद केली. तेव्हा जगात रोज सरासरी ७५ चाचण्यांचे निष्कर्ष आणि चाचण्यांचे एकत्रित आढावे ११ छापले जात होते. रोज! सकाळपासून शंभर रुग्ण तपासणारा, रात्री बाळंतपणाला उठणारा माणूस हे कधी वाचणार? आम्हाला वर्षाला दोन-चार परिपत्रके वाचताना नाकी नऊ येतात.

हेच आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी टेबलाच्या खणातून एक लहान डायरी काढली. दिवसभरात रुग्णासमोर जो प्रश्न अडतो तो ते एका ओळीत लिहून ठेवतात. आठवड्यातली एक रात्र ठरलेली, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात आठवड्यातले दोन-तीन प्रश्न घ्यायचे, बस्स. "सगळं वाचायला गेलो तर काहीच वाचून होत नाही," ते म्हणाले. "माझ्या रुग्णाचा प्रश्न आधी. आणि एकेक सुटी चाचणी नाही वाचत, कुणीतरी सगळ्या चाचण्या चाळून काढलेला आढावा आधी बघतो. नवीन काय सुरू करायचं हे तर बघतोच, पण जुनं काय बंद करायचं हेही बघतो."

शिवाय आसपासच्या गावांतले पाच-सहा डॉक्टर मिळून त्यांनी एक गट केला आहे. एकाकडे बाळंतपण, एकाकडे लहान मुले, एकाकडे मधुमेह. ज्याने त्याने आपला विषय वाचायचा आणि महिन्यातून एकदा चहावर बसून बाकीच्यांना सांगायचे. आम्ही म्हटले, "ही तर भिशी झाली, वाचनाची!" ते खूप हसले. पुढे आमच्या वाचनात आले की ही भिशी जुनीच आहे. १८७५ मध्ये कॅनडात विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर असाच गट काढला होता, कारण महागडी वैद्यकीय नियतकालिके एकट्याला परवडत नव्हती. आता तेवढी अडचण राहिलेली नाही. पबमेड नावाची अमेरिकी सरकारी ग्रंथालयाची सूची १९९७ पासून जगात कुणालाही फुकट बघता येते. कॉक्रनच्या आढाव्यांचे सारांशही साध्या भाषेत खुले असतात.

आणि अल-राझींचे नाव तर आपल्या घरांत अनेकांनी ऐकलेले असते. बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख असलेले हे हकीम ग्रीक, सुर्यानी, भारतीय, जिथून मिळेल तिथून वाचत. चरक-सुश्रुतांचे हवालेही त्यांच्याकडे आहेत. वाचलेले उतरवून घेत आणि खाली आपल्या रुग्णांवरून काय दिसले ते वेगळी खूण करून लिहीत. दहाव्या शतकात ते वारल्यानंतर त्यांच्या टिपणांतून जो ग्रंथ तयार झाला तो 'अल-हावी', आणि पुढे त्याचे लॅटिन भाषांतर होऊन तो युरोपात गेला. एवढ्या मोठ्या हकिमाचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे मुळात वाचनाच्या वह्या! त्या डॉक्टरांची खणातली डायरी पाहून आम्हाला त्याच वह्या आठवल्या.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली. ज्याला असा गट नाही, डायरी नाही, त्याच्यापर्यंतही नवी माहिती पोचतेच, पण ती औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून. ते रोज दारात उभे असतात आणि आपले काम चोख करतात. पण त्यांचे काम नवे, महाग औषध विकण्याचे. डेक्सामेथासोनसारखे जुने, काही रुपयांत मिळणारे औषध कोण बॅगेत घेऊन फिरणार? स्वस्त औषधाला दलाल नसतो, म्हणून त्याची माहिती डॉक्टरने स्वतः उठून शोधावी लागते. डॉक्टरांना पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणासाठी द्यावे लागतात, तसा नियमच आहे. पण नियमाचे तास भरणे आणि मनापासून शिकणे यांतला फरक आम्हा शिक्षकांना कुणी समजावून सांगायला नको. २००६ नंतरही कित्येक वर्षे नऊ ग्रह शिकवणारे आमच्यातही होतेच.

आता आपल्याकडे वळू या. कारण हा प्रश्न डॉक्टरांचा जितका, तितकाच आपल्या घरांचा आहे.

आमच्या मोहल्ल्यात एक सिस्टर राहतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी, घरी सासू-सासरे, दोन मुले. रात्री भांडी आवरून त्या ओट्यापाशीच उभ्या राहून मोबाइलवर वाचत असतात. खात्याकडून येणाऱ्या नव्या सूचना, प्रशिक्षणाचे पाठ. सासूबाई एकदा आमच्याजवळ कुरकुरल्या, "हिचं डोकं सतत मोबाइलमध्ये." आम्हाला त्या रात्रीचे दुल्हाभाई आठवले. आम्ही सासूबाईंना भाचीची सगळी हकिकत सांगितली. म्हटले, "चाची, ती वाचते ते उद्या कुणाच्या तरी सुनेच्या कामी येणार आहे." परवा दिसल्या तेव्हा म्हणाल्या, "आता जुमेरातला रात्रीचं मी बघते. ती बसते आत दार लावून."

आज आपल्या कितीतरी मुली नर्सिंग करतात, बीयूएमएस करतात, लॅबमध्ये काम करतात, आशाताई म्हणून दारोदार फिरतात. त्यांच्या नोकरीचा आणि पगाराचा आपल्याला अभिमान असतो. पण नोकरी लागली की शिकणे संपले, असे आपण धरून चालतो. त्यांना आठवड्यातला एक निवांत तास मिळवून देणे हे घरच्यांचे काम आहे. एवढी मदत तर कुठल्याही पदवीवाचून आपल्याला करता येते.

दुसरे, डॉक्टर "बघून सांगतो" म्हणाले तर त्याला अज्ञान समजू नका. ज्याला आपले विसरणे ठाऊक आहे तोच पुस्तक उघडतो. आणि "लगेच एक सुई मारा" असा हट्ट धरू नका. घाई आपण करतो, आणि मग घाईत दिलेल्या उपचाराबद्दल तक्रारही आपणच करतो.

तिसरे, विचारायला लाजू नका. "याने फायदा काय, धोका काय, आणि दुसरा मार्ग आहे का?" एवढे तीन प्रश्न अदबीने विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. मात्र व्हॉट्सअॅपवर आलेला लेख त्यांच्या नाकासमोर धरू नका. आणि हा लेखही धरू नका! हे इंजेक्शन मागून घ्यायचे नाही. ते कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हे ठरवायला किती विचार लागतो, तेच तर आपण आत्ता पाहिले.

चौथे, आणि हे प्रत्येक घराने आजच करावे. पाळीची तारीख लिहून ठेवण्याची सवय मुलींना आणि सुनांना लावा. दिवस राहिल्याचे कळले की पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या आणि तो कागद जपा. नागपूर-बेळगावच्या चाचणीत जे घोटाळले त्याचा एक धागा आपल्याच घरातल्या न लिहिलेल्या तारखेपर्यंत येऊन पोचतो. जगातले सगळे संशोधन वाचलेला डॉक्टरही आपण तारीख सांगितली नाही तर अंधारात चाचपडणार. आणि हो, आठव्याचे जगत नाही हे खालांचे म्हणणे मनातून काढून टाका. दिवस भरेपर्यंत बाळ पोटात जितके आठवडे जास्त राहील तितके सहसा त्याच्या भल्याचेच.

आपाला आम्ही हे सगळे सांगितले. १९७२ चे, १९९४ चे, सगळे. तिने शेवटपर्यंत ऐकले. "मग माझा मुलगा वाचला असता?" असे तिने विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "आपा, ते कुणीच सांगू शकत नाही. पण त्याला जास्त संधी मिळाली असती." तिने मान हलवली. रागावली नाही, रडलीही नाही. नात जवळ रांगत आली तिला उचलून तिने मांडीवर घेतले.

काल तिच्या घरी गेलो तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नवे कॅलेंडर दिसले. धाकट्या सुनेला दिवस गेले आहेत. एका तारखेभोवती लाल पेनाने गोल केला होता आणि खाली आपाच्या मोठ्या, वळणदार उर्दू अक्षरात लिहिले होते, "डॉक्टरांना दाखवणे." आम्ही त्या गोलाकडे बघतो आहोत हे पाहून ती म्हणाली, "या वेळी कुणी वाद घालायचा नाही."